शरीराने ठेवलेली माया

आमचे शिंपीकाका कमरेभोवती टेप फिरवतात, आत दोन बोटं घालून ती सैल करतात आणि आकडा मोठ्याने न सांगता वहीत लिहितात. गेल्या गणपतीत पँट शिवायला टाकली तेव्हा त्यांनी आकडा लिहिला, वहीची जुनी पानं चाळून माझं आधीचं माप काढलं आणि म्हणाले, "आत दीड इंच माया ठेवतो. पुढे लागेल."

मला जरा लागलंच ते. म्हटलं, "काका, दहा वर्षांत माझं वजन जागचं हललेलं नाही. ६३ किलो म्हणजे ६३ किलो."

"असेल की," कापडावर खडूने रेघ मारत ते म्हणाले. "काटा तोलतो. मापतो मी."

घरी येऊन मी बीएमआय काढला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, एवढंच ते गणित. माझी उंची १.६८ मीटर, तिचा वर्ग २.८२, ६३ भागिले २.८२ म्हणजे २२.३. नेहमीच्या तक्त्यात हा आकडा 'सामान्य' रकान्यात जवळजवळ मधोमध बसतो. हे सूत्र १८३०च्या दशकात ॲडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडलं. तो डॉक्टर नव्हता. त्याला कुणाच्या तब्येतीचं निदान करायचं नव्हतं, 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. त्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव मिळालं थेट १९७२ साली, ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाकडून. या कीजसाहेबांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

गंमत अशी की २२.३ हा आकडा वैद्यकीय जगात थोडाफार प्रसिद्ध आहे. २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही सडपातळ आणि दोघांचा बीएमआय बरोबर २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांचं इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून याला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं. तेच टक्के माझ्या ६३ किलोंना लावले तर एका हिशेबाने माझ्या अंगात पावणेसहा किलो चरबी निघेल आणि दुसऱ्या हिशेबाने तेरा किलोंहून जास्त. काटा दोन्ही वेळा ६३च दाखवणार.

म्हणजे आपण वजनावर डोळा ठेवून बसतो आणि शरीराचा डोळा मात्र चरबीवर असतो. शिंपी जशी शिवणीच्या आत माया ठेवतो तशी शरीर चरबी ठेवतं, पुढे लागेल म्हणून. ही माया किती ठेवायची, कुठे ठेवायची आणि ती कुणी उसवायला घेतली तर काय करायचं, याचे शरीराचे स्वतःचे नियम आहेत. ते लाखो वर्षांत घडले आहेत आणि ते घडत असताना जास्त खाण्याची चिंता कुणालाच नव्हती.

सुरुवात बाळापासून करू. आपल्याकडे बाळ गुटगुटीत झालं की 'बाळसं धरलं' म्हणतात आणि लगेच दृष्ट काढतात. प्राणिजगतात हे बाळसं खरोखरच दुर्मीळ आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांची पिल्लं जन्मतात तेव्हा हाडकुळी असतात. मांजरीचं नवं पिल्लू हातात घेतलं की बरगड्याच लागतात. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं माणसाचं बाळ मात्र साधारण १५ टक्के चरबी घेऊन जन्माला येतं आणि पहिल्या सहा-आठ महिन्यांत ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास नेतं. एवढी माया कशाला? तर डोक्यासाठी. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. तान्ह्या बाळात हा वाटा निम्म्याच्याही वर जातो. दूध आटलं, जुलाब झाले, दोन दिवस अंगावर पिणं बंद झालं, तरी मेंदूचा पुरवठा तुटून चालत नाही. तेव्हा बाळसं ही त्या मेंदूची शिदोरी.

मोठेपणीही आपण आपल्या नातेवाईकांपेक्षा चरबीदारच राहतो. प्राणिसंग्रहालयात आयतं खाऊन बसणाऱ्या चिंपांझीच्या अंगातही चरबी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच असते. शरीराच्या आकाराचा फरक जमेस धरला तरी माणूस चिंपांझीपेक्षा दिवसाला सुमारे ४०० कॅलरी जास्त जाळतो, असं मोजमाप २०१६ साली झालं. ज्या घराचा रोजचा खर्च मोठा, त्या घराला कणगीही मोठी लागते.

कणगी म्हटलंच आहे तर तीच उपमा पुढे नेतो. शरीरात साठवण दोन प्रकारची असते. एक म्हणजे डब्यातलं पीठ: यकृतात आणि स्नायूंत ठेवलेली साखर, ग्लायकोजेन. ही काढायला सोपी, पण जेमतेम अर्धा किलो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवणारी. दिवसभर उपास केला की यकृतातली बरीचशी संपते. (डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो 'उतरतात' ते बव्हंशी हेच पीठ आणि पाणी. त्या आठवड्यात पेढे वाटू नयेत.) दुसरी साठवण म्हणजे कणगीतलं धान्य, चरबी. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, पाण्याची कटकट नाही. सडपातळ माणसाच्या अंगातली दहा किलो चरबी म्हणजे, तिच्या पेशींतलं थोडं पाणी वगैरे वजा जाता, सुमारे ७५ हजार कॅलरी, महिनाभराहून अधिकची बेगमी.

आता या कणगीचा हिशेब कोण ठेवतं? एक साधं गणित करू. दिवसाला २००० कॅलरी खाणारा माणूस वर्षाला ७ लाख ३० हजार कॅलरी खातो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. वर्षात एक किलो चरबी वाढायची तर रोज फक्त २१ कॅलरी जास्त पुरतात, म्हणजे एक ग्लुकोज बिस्कीट. चहाबरोबर आपण किती बिस्किटं बुडवतो हे कुणीच मोजत नाही, लग्नसराईत तर पंगतीच्या पंगती झोडतो, तरी बहुतेकांचं वजन वर्षाला पाच-दहा किलोंनी वर-खाली होत नाही. एक टक्का फरकाच्या आतबाहेर जमाखर्च जुळवणारा कुणीतरी मुनीम आत बसलेला असल्याशिवाय हे होणार नाही.

हा मुनीम सापडला एका लठ्ठ उंदरामुळे. अमेरिकेत मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी नावाची संस्था आहे, तिथे विसाव्या शतकाच्या मध्यावर उंदरांचा एक वाण निपजला. हे उंदीर सतत खायचे आणि नेहमीच्या उंदरांच्या तिप्पट वजनाचे व्हायचे. डग्लस कोलमन यांनी १९७०च्या आगेमागे एक विचित्र प्रयोग केला. लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर यांना शस्त्रक्रियेने असं जोडलं की एकाचं रक्त दुसऱ्यात जावं. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं आणि तो बारीक होऊ लागला. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'पुरे' सांगणारं काहीतरी होतं आणि लठ्ठ उंदराकडे तेच नव्हतं. ते 'काहीतरी' नेमकं काय, हे १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी शोधलं. ते एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, होतं आणि ते तयार कुठे होत होतं, तर चरबीच्याच पेशींत. 'लेप्टोस' म्हणजे ग्रीकमध्ये सडपातळ, त्यावरून त्याचं नाव ठेवलं लेप्टिन. तोवर चरबी म्हणजे मुकाट पडलेलं पोतं असंच मानलं जायचं. हे पोतं मेंदूशी बोलतं, ही मोठी बातमी होती.

१९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांकडे दोन भावंडं आली, चुलत-मावस नात्यातली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. जनुकातच खोट होती. कितीही खाल्लं तरी मेंदूला वाटायचं की कणगी रिकामी आहे, दुष्काळ पडलाय. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर मुलीची भूक शांत झाली आणि वजन उतरू लागलं. तोपर्यंत अशा मुलांबद्दल शेजारपाजारचे काय बोलत असतील ते सांगायला नकोच. हावरट, आईबापांनी लाडावलेली.

साहजिकच सगळ्यांना वाटलं, आता प्रत्येक लठ्ठ माणसाला लेप्टिन द्यायचं की काम झालं. तसं झालं नाही. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, कारण चरबी भरपूर असते; वरून आणखी दिलं तर फारसा फरक पडत नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लेप्टिनची पातळी वाढली तर मेंदू एकदा मान वर करून बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. ती घसरली तर मात्र तो घर डोक्यावर घेतो. कणगी भरली की वाजणारी घंटा उत्क्रांतीने फार मनावर घेऊन बसवलीच नाही. कणगी उतरायला लागली की वाजणारी मात्र कर्णकर्कश बसवली. आपल्या पूर्वजांत जास्त खाऊन पन्नाशीत मधुमेहाने गेलेले फार नव्हते. पोटात अन्न नसल्याने मूल गमावलेले पुष्कळ होते.

ही घंटा प्रत्यक्षात कशी वाजते ते कीजसाहेबांनी दाखवलं. १९४४ सालच्या नोव्हेंबरात त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांवर प्रयोग सुरू केला. युद्धाला तत्त्वतः नकार देणारे, निरोगी, स्वेच्छेने आलेले तरुण. त्यांना २४ आठवडे दिवसाला साधारण १६०० कॅलरी दिल्या. बटाटे, सलगम, पाव असलं साधं जेवण. आजकाल 'डाएट प्लॅन' म्हणून छापून मिळतात त्यांत याहून कमी कॅलरी असतात हे लक्षात घ्या. या मुलांचं वजन जवळपास पाव हिश्श्याने उतरलं. पण त्याबरोबर जे झालं ते जास्त बोलकं आहे. हृदयाचे ठोके मंदावले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, जिने चढवेनात, कशात रस राहिला नाही. स्वप्नात जेवण यायचं. ताटं चाटून पुसून ठेवायचे. काही जण चक्क पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. मग पोटभर खायला मिळाल्यावर काही जण हजारो कॅलरी खाऊनही म्हणायचे, भूक आहेच. आणि शरीराने आधी परत काय आणलं? चरबी. स्नायू मागाहून. कित्येकांची चरबी प्रयोगाच्या आधी होती त्याहून जास्त झाली, तेव्हा कुठे स्नायूंचं माप पुरं भरत आलं.

उपाशी राहून वजन उतरवणाऱ्यांनी या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबावं. उतरताना चरबी आणि स्नायू दोन्ही जातात, परत येताना चरबी पुढे पळते. दोन-तीनदा हा खेळ केला की वजन जिथल्या तिथे आणि कमरेची माया वाढलेली.

हे सगळं मनोबलाच्या नावावर टाकणं आपल्याला आवडतं. २०१६च्या एका अभ्यासात हिशेब निघाला तो असा: दर एक किलो वजन उतरलं की शरीर दिवसाला वीस-तीस कॅलरी कमी जाळतं आणि भूक मात्र जवळपास १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाला त्यामुळे रोज हजारेक कॅलरींची जादा भूक घेऊन ऑफिसला जायचं, परत यायचं आणि रात्री नऊ वाजता घरच्यांसमोर अर्धी भाकरी खाऊन उठायचं. पहिले तीन महिने माणूस हे करतो. नंतर त्याच्याकडे बघून लोक म्हणतात, "टिकलं नाही ना!"

बरं, मुनीमही सगळ्यांचे सारखे नाहीत. 'वारा खाल्ला तरी अंगाला लागतं' आणि 'कितीही खा, अंगी लागत नाही' ही दोन्ही वाक्यं आपण थट्टेत म्हणतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लॉद बुशार यांनी ती मोजून दाखवली. एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्या घेतल्या आणि आठवड्यातले सहा दिवस प्रत्येकाला रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या, शंभर दिवस. कुणी ४.३ किलोंनी वाढला, कुणी १३.३ किलोंनी. जादा खाणं सगळ्यांचं सारखंच. पण एका जोडीतले दोघे भाऊ मात्र बरेचसे सारखे वाढले, इतके की चरबी कुठे साठली तेही एकमेकांशी जुळत होतं. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या अभ्यासांतूनही तेच निघतं: माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकाचा मोठा हिस्सा जनुकांतून येतो. जनुक एक नाही, शेकडो. २००७ साली सापडलेलं एफटीओ त्यातलं बऱ्यापैकी ताकदवान. त्याच्या जाडी आणणाऱ्या दोन प्रती असलेले लोक एकही नसलेल्यांपेक्षा सरासरी तीनेक किलोंनी जड असतात. बाकीची बहुतेक जनुकं ग्रॅमाग्रॅमाने भर घालतात. विशेष म्हणजे यांतली बरीचशी चरबीच्या पेशींपेक्षा मेंदूत काम करतात. भूक किती लागावी आणि समोर ताट आलं की जीव किती ओढावा, हे तिथे ठरतं.

ही जनुकं आपल्यात का टिकली? जेम्स नील यांनी १९६२ साली 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली: सुबत्तेत भराभर साठवणारे दुष्काळात तगले आणि त्यांचा वंश वाढला. ही गोष्ट सांगायला इतकी सोपी आहे की आता व्हॉट्सॲपवरही फिरते. १८७६चा दुष्काळ, १९७२चा दुष्काळ, म्हणून आपली पोटं सुटली वगैरे. चार पिढ्यांत जनुकं अशी बदलत नाहीत. शिवाय जॉन स्पीकमन या शास्त्रज्ञाची हरकत वजनदार आहे. दुष्काळात मरतात ते मुख्यतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं, तीही बरीचशी रोगराईने. जाड-बारीक पाहून मृत्यू निवड करत असता आणि ती हजारो वर्षं चालली असती, तर आज आपण सगळेच लठ्ठ असायला हवे होतो. तसे तर नाही. स्पीकमन यांचं म्हणणं असं की उलट बाजूने लगाम होता तो हिंस्र प्राण्यांचा. जाड माणूस पळू शकत नाही. आगीचा आणि हत्यारांचा शोध लागल्यावर तो लगाम सुटला आणि जनुकं वाऱ्यावर सोडल्यासारखी इकडेतिकडे भरकटली. मला दोन्हीत थोडं थोडं तथ्य दिसतं. पण पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगातले ते २१ टक्के या दोन्हींतून नीट उलगडत नाहीत.

ते उलगडायला पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जावं लागतं. १९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे गरोदर होण्याआधीपासूनच बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, वजन ४२ किलो. शेतातलं काम, पाणी भरणं, धुणीभांडी, आणि जेवण सगळ्यांचं झाल्यावर. त्यांना पूर्ण दिवसांची जी बाळं झाली त्यांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो.

इथवर नवल काही नाही, बारीक आयांची बारीक बाळं. पण मोजणाऱ्यांनी नुसतं वजन करून बाळ परत दिलं नाही. डोक्याचा घेर घेतला, पोटाचा घेतला, दंडाचा घेतला, आणि खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्यासारख्या उपकरणाने कातडीची घडी पकडून तिची जाडी मोजली. त्या घडीत असते ती चरबी. बाळ सगळीकडून सारखंच लहान असतं तर प्रत्येक माप त्याच प्रमाणात कमी भरायला हवं होतं. तसं भरलं नाही. सर्वांत जास्त तूट पोटाच्या घेरात होती, जिथे यकृतासारखे अवयव असतात. त्याखालोखाल दंडात, म्हणजे स्नायूंत. डोकं आणि लांबी त्या मानाने कमी घटलेली. आणि फऱ्याखालची ती घडी? तिच्यात तूट सर्वांत कमी. पावणेतीन किलोंचं काटकुळं बाळ, पण अवयव आणि स्नायू कापून माया मात्र शिवणीत जपलेली. २००३ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगाला 'थिन-फॅट' भारतीय बाळ माहीत झालं. वरून रोड, आतून मेदाळ. दुसऱ्या एका अभ्यासात पुण्यातल्या बाळांच्या नाळेतलं रक्त लंडनच्या गोऱ्या बाळांशी ताडून बघितलं, तर पुण्याच्या लहानग्या बाळांतच इन्सुलिन जास्त होतं. इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं की शरीर ते जास्त बनवतं. म्हणजे मधुमेहाची पहिली पायरी पाळण्यात.

यामागचा विचार ब्रिटिश शास्त्रज्ञ हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ साली मांडला होता. पोटातल्या बाळाला रसद कमी पडली की ते उरलेली रसद वाटून घेतं. मेंदू आधी. बाहेरच्या जगातही चणचणच असणार असं धरून थोडी चरबी बाजूला. स्नायू, मूत्रपिंडं, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरेल ते. जनुकं तीच राहतात, पण ती कशी वापरायची ते गर्भाशयात ठरतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी रसद तोडल्याने नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांच्या शरीरांवर तिचा ठसा साठ वर्षांनीही सापडतो. तिथे उपासमार काही महिन्यांची होती. आपल्याकडे ती पिढ्यान् पिढ्या थोडी थोडी चालत आली आणि तिला कुणी उपासमार म्हटलंही नाही.

इथे एक सावध वाक्य टाकायला हवं, कारण असं काही छापून आलं की लगेच बोट आईकडे वळतं. त्या खेड्यांतल्या नोंदी सांगतात की ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती आणि ज्यांच्यावर कष्टाचा बोजा जास्त त्यांची लहान. बऱ्याच जणींना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि बी-१२ कमी पण फोलेट (पालेभाज्यांतलं एक जीवनसत्त्व) भरपूर असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनची अडचण जास्त दिसली. आता पालेभाजी परवडते का, दूध घरात राहतं की डेअरीला जातं, पाणी कोण भरतं आणि शेवटची भाकरी कुणाच्या वाट्याला येते, हे त्या बाईने एकटीने ठरवलेलं नसतं.

पुढचा प्रवास सरळ आहे. जेवल्यावर रक्तात येणारी साखर उचलणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तोच जन्मापासून लहान. कातडीखालच्या कणग्याही बेताच्या. त्या भरल्या की धान्य माजघरात सांडतं, म्हणजे यकृतात आणि आतड्यांभोवती, आणि चरबीची तीच जागा सर्वांत वाईट. असं मूल लहानपणी बारीक राहून मग शाळकरी वयापासून झपाट्याने भरलं, तर जोखीम वाढते. दिल्लीत जन्मापासून नोंदी ठेवलेल्या मुलांच्या अभ्यासात २००४ साली हेच निघालं. मोठेपणी मधुमेहाकडे झुकलेले लोक दोन वर्षांचे असताना बारीक होते आणि नंतर वरच्या पायऱ्या चढत गेले होते. बाराव्या वर्षी फार जाड ते कुणीच नव्हते, फक्त स्वतःच्या आधीच्या मापापेक्षा जाड झाले होते. ४२ किलोंच्या आईचं पावणेतीन किलोंचं बाळ एका पिढीत बांध सोडून पिंपरीच्या ऑफिसातल्या खुर्चीत येऊन बसलं. शरीराने तयारी केली होती चणचणीची आणि गाठ पडली वडापावच्या गाडीशी आणि रात्री अकरालाही जेवण घरपोच आणणाऱ्या ॲपशी. २०२३ साली छापलेल्या देशव्यापी पाहणीने भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख सांगितली. त्यांतले पुष्कळ जण कुणाच्या नजरेत भरावेत असे जाड नाहीत.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयचा उंबरठा खाली आणला आहे: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर, त्याच्या आत. शिंपीकाकांना हे कुणी सांगितलेलं नाही.

तयार पाकिटातल्या खाण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २०१९ साली वीस जणांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं अन्न दिलं. दोन्हींत साखर, मेद, तंतू जुळवलेले आणि 'हवं तेवढं खा' अशी मुभा. पाकिटातल्या अन्नावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. आपला मुनीम भाजी-भाकरीचा हिशेब ठेवायला शिकलेला आहे. न चावता उतरणाऱ्या चुरचुरीत पदार्थांची पावती त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते.

आणि व्यायाम? टांझानियातले हाद्झा लोक अजून शिकार करून, कंद खणून जगतात, दिवसाला मैलोन्मैल चालतात. हर्मन पाँट्झर यांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ साली जाहीर केलं, की शरीराच्या आकाराच्या हिशेबाने तो खुर्चीतल्या अमेरिकन माणसाएवढाच निघतो. चालण्यावर खर्च झालं की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. त्यामुळे नुसतं चालून काटा फारसा खाली येत नाही म्हणून निराश होणाऱ्यांचं चुकत नाही, फक्त ते चुकीच्या यंत्राकडे बघतात. जे स्नायू आपल्याला जन्मतः कमी मिळाले ते वापरले की साखर उचलायला लागतात, वजन एक किलोही न उतरता. जोर-बैठका काढणारे आमचे आजोबा कॅलरी हा शब्दही न ऐकता गेले.

हल्ली गाजत असलेली इंजेक्शनंही याच मुनिमाशी बोलतात. सेमाग्लुटाइड हे आतड्यातल्या 'पोट भरलं' असं सांगणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतं. २०२१च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. मिनेसोटाच्या मुलांची गोष्ट वाचलेल्याला याचं आश्चर्य वाटू नये. इंजेक्शनाने मुनीम गप्प बसतो, बदलत नाही.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो, तिला वजनकाटा लागत नाही. एक दोरी घ्यायची. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि टाचेपासून टाळूपर्यंत दोरी मापून कापायची. मग तिची बरोबर निम्मी घडी घालायची आणि ती बेंबीच्या रेषेत पोटाभोवती फिरवायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. टोकाला टोक मिळालं तर ठीक. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा साधा नियम आता ब्रिटनमधल्या अधिकृत वैद्यकीय सल्ल्यातही आला आहे.

मी ते परवा केलं. बायको दोरी धरून होती, आई बाजूला शेंगा सोलत बसली होती. टोकं जुळेनात. बायकोने दोरी ताणून बघितली, मी श्वास आणखी सोडून बघितला. आईने मान वर केली, मधल्या फटीवर बोटं ठेवून मोजली आणि म्हणाली, "दोन बोटं कमी. यशोदेलाही तेवढीच कमी पडली होती."